तीन दाढा आणि तीन डॉक्टर

अक्कलदाढ दुखतेय असं सांगितलं की समोर कोणीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अरे वा, म्हणजे आता अक्कल येणार!" कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे मी चार जणांकडून ऐकलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गोळ्या पुडीत घालता घालता ऐकवलं. रिक्षावाल्यानेही ऐकवलं. मला तेव्हा ३६वं वर्ष चालू होतं. गाल एका बाजूने टम्म फुगलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं आणि गिळताना कानापर्यंत कळ जात होती. अशा अवस्थेत त्या विनोदावर हसावं लागणं हा या दुखण्याचाच एक भाग आहे, असं माझं तेव्हापासून मत आहे.

ही तिसरी वेळ होती. पहिली चार वर्षांपूर्वी, दुसरी आदल्या दिवाळीत, ऐन फराळाच्या दिवसांत. दर वेळी क्रम तोच. उजवीकडे खाली, शेवटच्या दाढेमागची हिरडी हुळहुळायला लागते. मग सुजते. मग वरची दाढ त्या सुजेवर बसते आणि घास चावला की डोळ्यांत पाणी. आईचा उपाय म्हणजे लवंग धरणं. लवंगेतल्या युजेनॉलने खरोखरच जागा बधिर होते, त्यामुळे लवंगेला नावं ठेवायचं कारण नाही. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स. सहाव्या दिवशी सगळं शांत. सातव्या दिवशी मी ते विसरून गेलेली असायचे.

तिसऱ्या वेळी विसरता आलं नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीची सराव परीक्षा तोंडावर होती आणि माझंच तोंड उघडत नव्हतं. दिवसाचे चार तास बोलणं हे माझं काम. घरी आल्यावर आणखी एक बोलणं असतं, ते कामापेक्षाही महत्त्वाचं. त्याबद्दल पुढे सांगते.

*

आधी ही दाढ आत नेमकी काय करत होती ते सांगायला हवं, कारण मलाही ते ३६व्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

माणसाला जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, तीन-तीन मोठ्या दाढा असतात. पहिली साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्याच्या आसपास. तिसरी यायला १७ ते २५ वर्षं उजाडतात. तोवर जबड्याची वाढ संपत आलेली असते. जागा उरली असेल तर ती सरळ उगवते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जागा नसेल तर भरलेल्या एसटीत शेवटी चढणाऱ्या माणसासारखी तिची गत होते. एक पाय आत, एक पायरीवर, अंग तिरकं, आणि पाठीमागे दार धड लागत नाही. हे दार म्हणजे दाढेवर अर्धवट राहिलेला हिरडीचा पदर. त्याच्याखाली अन्नाचे कण अडकतात, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात, हिरडी सुजते. माझं दर वेळचं दुखणं ते हे.

जबडा लहान का पडतो, याचं एक उत्तर आपल्या ताटात आहे. लहानपणी जबड्याला चावण्याचं जितकं काम पडेल तितकी त्याची वाढ चांगली होते. आपण शिजवलेलं, दळलेलं, मऊ खायला लागलो आणि जबडा आखूड राहायला लागला. दाढांना मात्र ही बातमी कोणी कळवली नाही. काहींना ती कळलेलीही दिसते, कारण जगात साधारण पाचातल्या एका माणसाला निदान एक तरी अक्कलदाढ तयारच होत नाही. मी त्या एकांमध्ये आहे. मला वर डावीकडची नाही. म्हणजे माझ्याकडे अक्कल तीन चतुर्थांश. स्टाफरूमला मी हे सांगितलं नाही.

नावाची गंमत म्हणजे फारसी-अरबीतून आलेली 'अक्कल' या दाढेला इतरही अनेक भाषांत चिकटलेली आहे. लॅटिनमध्येही ती शहाणपणाचीच दाढ. तुर्की लोक सरळ 'विशीचा दात' म्हणतात. कोरियन लोक तिला प्रेमाचा दात म्हणतात. जपानी नावाचा अर्थ होतो 'आईवडिलांना माहीत नसलेली'. मुलाला ही दाढ येते तोवर आईबापांचा त्याच्या तोंडाशी काही संबंध उरलेला नसतो, म्हणून. माझ्या बाबतीत हे नाव अगदी उलटं ठरलं.

*

पहिले डॉक्टर सांगलीतले. नवा, चकचकीत दवाखाना. खुर्चीसमोर टीव्ही, त्यावर हसऱ्या दातांची माणसं. त्यांनी ओपीजी काढला. ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकच लांबट एक्स-रे. स्वतःची कवटी दात विचकून आपल्याकडे बघतेय असं ते चित्र असतं. त्यात माझ्या तिन्ही दाढा दिसत होत्या. उजवी खालची पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली. डावी खालची हाडात खोल, जवळजवळ आडवी, निवांत झोपलेली. उजवी वरची बऱ्यापैकी सरळ.

"तिन्ही काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "दोन सिटिंगमध्ये होईल. डावी आज दुखत नाही, पण उद्या दुखणारच. वय वाढलं की हाड कडक होतं, मग काढायला त्रास. आणि या दाढा पुढच्या दातांना ढकलतात, दात वाकडे होतात." खर्च सगळा मिळून २२ हजार. हप्ते करून देण्याची सोय होती. रिसेप्शनवरच्या मुलीने कागदावर आकडे लिहून दिले. तिचं अक्षर फार सुंदर होतं.

दुसरे डॉक्टर मिरजेतले. मिरज हे डॉक्टरांचं गाव. वॉन्लेस यांनी तिथे १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून लांबलांबून माणसं बरी व्हायला मिरजेत येतात, आणि आमच्याकडे कोणत्याही दुखण्याला "मिरजेला दाखवलं का?" हा प्रश्न असतोच. हे डॉक्टर माझ्या वडिलांच्या ओळखीचे, सत्तरीला आलेले. जुनी खुर्ची, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बघितला, परत पाकिटात घातला.

"सूज उतरली ना? मग राहू दे. दुखत नाही त्याला हात लावू नये. गुळण्या करत जा. आणि तुझ्या बापाचं काय झालं ते विसरलीस काय?"

मी विसरले नव्हते. आमच्या घरात ते कोणीच विसरलेलं नाही.

*

अण्णांची अक्कलदाढ काढली ती १९८७ साली, मी अजून जन्मायची होते. ती काढताना जिभेकडे जाणारी नस दुखावली आणि त्यांच्या जिभेची डावी बाजू कायमची बधिर राहिली. त्या नसेबरोबर चवीचे तंतूही जातात, त्यामुळे त्या बाजूची चवही गेली. मला आठवतात ते अण्णा असेच. घास ते उजवीकडेच घोळवायचे. गरम चहाने जीभ डावीकडे पोळली तरी त्यांना कळायचं नाही, संध्याकाळी आरशात लाल दिसली की कळायचं. आमटीत मीठ कमी पडलं अशी तक्रार त्यांनी जन्मात केली नाही. "मला काय, अर्धी आमटी आळणीच असते," म्हणायचे आणि हसायचे. ते वारले त्याला आता नऊ वर्षं झाली.

तर अक्कलदाढ काढण्याबद्दल आमच्या घराचं शहाणपण हे असं एका वाक्याचं होतं: काढायची नाही. अण्णांनी काढली आणि बघा काय झालं.

मी बारावीला संभाव्यता शिकवते. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे दर वर्षी ऐंशी मुलांना सांगते. फासा एकदा टाकला आणि सहा पडले, म्हणून सगळ्या बाजूंवर सहाच आहेत असं होत नाही. मुलं माना डोलावतात. पण तो फासा आपल्या वडिलांच्या जिभेवर पडला असेल तर मान डोलावणं अवघड जातं, हे मला स्वतःच्या दाढेपाशी आल्यावर कळलं.

म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला बसले. जगात या प्रश्नाला एक उत्तर नाही, हे पहिल्याच रात्री लक्षात आलं. अमेरिकेत कॉलेजच्या वयातच, दुखत नसल्या तरी, अक्कलदाढा काढून टाकण्याची पद्धत खूप रूढ आहे. तिथल्याच जे फ्रीडमन नावाच्या दंतवैद्याने २००७ साली सार्वजनिक आरोग्याच्या एका मान्यवर नियतकालिकात लेख लिहून, धडधाकट अक्कलदाढा सरसकट उपटणं हाच सार्वजनिक आरोग्याला धोका आहे, असं म्हटलं. अमेरिकेत दर वर्षी साधारण ५० लाख लोकांच्या मिळून एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात, असा त्यांचा अंदाज होता. ब्रिटनने त्याआधीच, मार्च २००० मध्ये, उलटी दिशा धरली होती. सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने सांगितलं की, अडकलेली असली तरी निरोगी असलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नका. आजार असेल तर काढा.

मग वाटलं, झालं तर, मिरजेचे डॉक्टर बरोबर. पण त्याच ब्रिटनच्या मार्गदर्शनात पुढे असंही आहे की, हिरडीला एकदा सूज आली तर लगेच दाढ काढायची घाई नको, पण दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर आली तर काढण्याचा विचार करावा. माझी तिसरी वेळ होती. शिवाय नंतरच्या वर्षांत तिथल्याच दंतवैद्यांनी एक अडचण दाखवून दिली. तिरकी रेललेली अक्कलदाढ स्वतः निरोगी राहते, पण तिच्या फटीत अन्न अडकून पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडते. थांबायला सांगितलेले लोक मग काही वर्षांनी, वाढलेल्या वयात, दोन दाढांचं दुखणं घेऊन परत यायला लागले.

आणि न दुखणाऱ्या, निरोगी, अडकलेल्या दाढेचं काय? कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढते. तिचा २०२०चा आढावा सांगतो की काढावी की ठेवावी हे ठरवायला पुरेसा पुरावाच नाही. निकषांत बसणारे अभ्यास सापडले ते दोन. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेला पुढचे दात ढकलण्याचा मुद्दाही संशोधनात फारसा टिकलेला नाही. कोट्यवधी माणसांच्या तोंडात असलेल्या एका दाढेबद्दल दोन अभ्यास! मी रात्री साडेबाराला एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या खोलीत आईला ऐकू गेलं नाही. तिला ऐकू येतच नाही.

*

आईचं वय ७१. पन्नाशीनंतर तिचा कान हळूहळू जात गेला. यंत्र आहे, पण ते शिट्ट्या मारतं आणि भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा आणतं, म्हणून ते बहुतेक वेळ कपाटातल्या डबीत असतं. आई ओठ वाचते. कोणी तिला शिकवलं नाही, ती आपोआप शिकली. सगळ्यांचे नाही वाचता येत तिला. मिशीवाल्यांचे नाहीच. माझे सगळ्यात चांगले येतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आवाज न काढता बोलले तरी तिला कळतं. पाहुण्यांसमोर आम्ही दोघी अख्खी चर्चा अशी करून टाकतो.

२०२० साली मास्क आले आणि ही बाई रातोरात एकटी पडली. बँकेत, दुकानात, दवाखान्यात, सगळ्यांचे ओठ झाकलेले. घरात मी विनामास्क असायचे तेवढाच तिचा जगाशी संबंध. मग मलाच ताप आला आणि मी बारा दिवस वरच्या खोलीत बंद. ती जिन्याखाली उभी राहायची, मी खिडकीच्या काचेआडून बोलायचे. तेव्हापासून माझे ओठ हे काही फक्त माझे नाहीत, असं मला वाटत आलंय.

तर माझी भीती अशी होती. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्याकडे. अक्कलदाढेची मुळं कधीकधी तिच्या अगदी जवळ असतात. ती दुखावली तर ओठ बधिर. मी मनाशी चित्र रंगवलं होतं की माझा ओठ लुळा पडलाय, शब्द वाकडेतिकडे होतायत आणि आई समोर बसून माझ्याकडे नुसती बघतेय.

तिसऱ्या डॉक्टर मुखशल्यचिकित्सक, मिरजेतल्याच. माझ्यापेक्षा वयाने लहान असाव्यात. मी त्यांना हे सगळं सांगितलं, अण्णांची जीभ, आईचे कान, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, एक गोष्ट आधी सांगते. ही नस फक्त संवेदनेची आहे. ओठ हलवणारी नस वेगळी, ती चेहऱ्याच्या बाजूने येते. समजा अगदी वाईट झालं, तर तुम्हाला ओठ बधिर वाटेल, चहा सांडला तर कळणार नाही. पण ओठ हलेल. तुमच्या आईला तुमचं बोलणं दिसेल."

तीन आठवडे जी गोष्ट मला झोपू देत नव्हती ती एका मिनिटात संपली. इतक्या रात्री इतकं वाचलं, पण हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. भीतीचं असं होतं. ती बरोबर आहे का हे न तपासताच आपण तिच्यासाठी पुरावे गोळा करायला लागतो.

मग त्यांनी ओपीजीवर पेन्सिल फिरवली. नसेचा मार्ग दोन पांढऱ्या रेघांच्या मधून जातो. उजवीकडे त्या रेघा दाढेच्या मुळांखालून अखंड जात होत्या, थोडं अंतर राखून. डावीकडे मुळांपाशी पांढरी रेघ पुसल्यासारखी झाली होती आणि मुळं तिथे काळपट दिसत होती. याचा अर्थ नस आणि मुळं बहुधा चिकटून आहेत. ही दाढ काढायचीच वेळ आली तर आधी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करावा लागेल. आणि मग कदाचित अख्खी दाढ न काढता फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच हाडात ठेवायची पद्धतही वापरता येईल.

"उजवी काढा," त्या म्हणाल्या. "तीनदा सूज आलीय आणि हे बघा, पुढच्या दाढेला मागून कीड सुरू होतेय. आत्ता साध्या फिलिंगवर भागेल. डावी निरोगी आहे आणि तिथे धोका जास्त. ती ठेवा, पण विसरू नका. ठेवणं म्हणजे दर वर्षी तपासणं, दोन-तीन वर्षांनी फोटो. वरची उजवी माझ्या मते काढावी. खालची गेली की तिला चावायला काही उरत नाही, ती खाली उतरून गाल चावते."

"आणि कायमचा बधिरपणा?"

"साधारण शंभरात एकापेक्षा कमी लोकांना. तुमच्या उजवीकडे रेघा अखंड आहेत, म्हणून धोका आणखी कमी. शून्य नाही. शून्य सांगणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका."

*

तिघांपैकी दोघे म्हणत होते सगळं किंवा काहीच नाही. तिसऱ्या बाईंनी तीन दाढांचे तीन वेगळे प्रश्न केले. मला उत्तर पटलं होतं. तरी मी तारीख घेतली नाही. घरी आले आणि आईला सांगितलं.

ती भाजी निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघून सगळं ऐकलं, म्हणजे वाचलं. मला वाटलं, आता अण्णांचं येणार.

"काढून टाक," ती म्हणाली.

"आई, अण्णांचं…"

"अण्णांचं काय? अण्णांनी दोन वर्षं अंगावर काढलं. मी म्हणत होते दाखवा, दाखवा. लवंग धरायचे, तंबाखूची चिमूट धरायचे. शेवटी गळा सुजला, तोंड उघडेना, ताप चढला, श्वास लागायला लागला. मध्यरात्री जीपमधून मिरजेला नेलं. त्यांची दाढ अशी नाही काढली, पू काढता काढता काढली. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक दिवस थांबला असता तर माणूस गेला असता."

मी हे कधीही ऐकलं नव्हतं. घरातल्या गोष्टीतून ही दोन वर्षं आणि ती जीप गळून गेली होती. उरली होती फक्त शेवटची आळणी आमटी. अण्णा स्वतः ती गोष्ट विनोद म्हणून सांगायचे आणि विनोदात जीप बसत नव्हती.

आता लगेच उलटा नियम काढायचा मोह मलाही झाला. म्हणजे उशीर केला म्हणून जीभ गेली, वेळेवर काढली असती तर वाचली असती. पण तेही मला माहीत नाही. सुजलेल्या, पू झालेल्या जागी शस्त्रक्रिया अवघड होते हे खरं, पण नस कशामुळे दुखावली हे आज कोण सांगणार? उदाहरण तेव्हाही एकच होतं, आत्ताही एकच आहे. फक्त ते कशाचं उदाहरण आहे हे बदललं. तीस-पस्तीस वर्षं आमचं घर ते 'दाढ काढल्याचं' उदाहरण समजत होतं. ते 'दाढ न काढल्याचं'ही होतं. ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, तीही एक निवडच असते, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू विचारलंस कधी?" म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. तिने खाली बघितलं की संभाषण संपलं. तिचा तो हक्कच आहे.

*

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसवणाऱ्या वायूने वेदना थांबते का हे बघायला स्वतःचीच दाढ उपटून घेतली होती. त्या माणसाचे उपकार मानावेत इतकंच. मला इंजेक्शनं टोचली तेवढं दुखलं. मग ओठ जाडजूड, परका झाला. ड्रिलचा आवाज हाडातून येतो, कानातून नाही, हे मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं. दाढ दोन तुकडे करून काढली. ३५ मिनिटं लागली. वरची दाढ मधे केव्हा निघाली ते कळलंही नाही. जिच्याबद्दल मी एकही रात्र वाचलं नव्हतं, ती सगळ्यात शहाण्यासारखी वागली.

बाहेर आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा घट्ट चावून धरलेला होता. तासभर तोंड उघडायचं नव्हतं. थुंकायचं नाही, गुळणी नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर उघडं हाड असं ठणकतं की दाढ बरी होती म्हणायची वेळ येते. आई बाकावर बसली होती. मी तिला हाताने 'झालं' अशी खूण केली.

पुढचे चार दिवस आमच्या घरात मुकाट्याचे होते. गाल सुजलेला, तोंड उघडत नाही. मी बोलायचा प्रयत्न केला की आई डोळे बारीक करून बघायची आणि मान हलवायची, नाही कळलं. मग आम्ही गिरणीवाल्याच्या हिशेबाची वही काढली. 'थंड आंबील दे.' 'मीठ कमी आहे.' हे दुसरं लिहिताना मी थबकले. मग लिहिलंच. मीठ कमी होतं आणि मला ते दोन्ही बाजूंनी कळत होतं.

ओठाचा बधिरपणा इंजेक्शनचा होता, तो संध्याकाळी उतरायला हवा होता. ओठ उतरला. हनुवटीवर उजवीकडे, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उतरली नाही. रात्री मी तिथे बोट लावून बघत राहिले. बोटाला हनुवटी कळत होती, हनुवटीला बोट कळत नव्हतं. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी कापसाच्या टोकाने त्या जागेची सीमा पेनने आखली, फोटो काढला आणि म्हणाल्या, "बहुतेक येईल परत. काही आठवडे लागतील. आपण मोजत राहू." ही बहुतेकची भाषा मीच वर्गात शिकवते. खुर्चीत बसून ऐकताना ती फार अपुरी वाटते.

दोन महिने लागले. आधी तिथे मुंग्या आल्या, मग खाज, मग एके दिवशी तोंड धुताना गार पाणी लागलं. आता ती जागा शोधावी लागते. म्हणजे आकडेवारीत मी 'तात्पुरता' या रकान्यात बसले. पण त्या दोन महिन्यांत मी स्वतःला एक प्रश्न रोज विचारत होते: हे परत आलंच नाही तर माझा निर्णय चुकला असं मी म्हणेन का? गणिताच्या शिक्षिकेचं उत्तर आहे, नाही. निर्णय जेवढं माहीत होतं त्यावर तोलायचा, फासा कसा पडला त्यावर नाही. अण्णांच्या मुलीचं उत्तर मला अजून माहीत नाही. ते देण्याची पाळी आली नाही एवढंच.

डावी दाढ आहे तिथेच आहे. जानेवारीत तिची वार्षिक तपासणी असते, ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. उजवीकडच्या पुढच्या दाढेत फिलिंग भरलं, ते टिकलंय. पहिल्या दवाखान्यातून सुंदर अक्षरातला तो कागद अजून पर्समध्ये आहे. मिरजेच्या आजोबा-डॉक्टरांना मी पेढे देऊन आले. ते म्हणाले, "काढलीस? बरं झालं." मी काही बोलले नाही.

आईने मात्र परवा, मी काहीतरी सांगत असताना मधेच हात वर केला. म्हणाली, "पूर्वी तू ळ म्हणताना ओठ थोडा उजवीकडे ओढायचीस. आता नाही ओढत."

मी आरशासमोर उभी राहून बराच वेळ ळ म्हणून बघितलं. मला काही फरक दिसला नाही. तिला दिसतोय म्हणजे असेल.